आधी कार्पेट बघा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दोन भाऊ राहत होते. वसाहत एकच, इमारती समोरासमोर, घरं भाड्याची. अशा जुन्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडलं तर पुष्कळदा सगळीकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट ठोकलेलं असतं. ते उचलून झटकता येत नाही, उन्हात टाकता येत नाही. आधीच्या भाडेकरूची धूळसुद्धा त्यातच मुरलेली असते. तिथं व्हॅक्यूम क्लीनर ही चैन नाही, त्याच्यावाचून घर साफच होत नाही.

त्या वर्षी आई कराडहून सहा महिन्यांसाठी यायची होती. आईला दम्याचा त्रास. तीन महिने थोरल्याकडे, तीन धाकट्याकडे असं ठरलं. दोघांचीही यंत्रं जुनी झाली होती, म्हणून दोघांनी नवं घ्यायचं ठरवलं. आईवर दोघांचा जीव सारखाच होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडलं त्यात कुणाची माया कमी-जास्त नव्हती.

थोरला शनिवारी मोठ्या दुकानात गेला. खोक्यांवरचे आकडे वाचत फिरला. ज्याच्यावर 12 अँपिअर ठळक लिहिलं होतं, ज्याच्याबरोबर नळ्या आणि तोंडं सगळ्यांत जास्त होती आणि जे सगळ्यांत महाग होतं, ते उचललं. आईसाठी घ्यायचंय, पैशाकडे काय बघायचं, असं तो म्हणाला आणि ते मनापासून म्हणाला.

धाकट्यानं आधी जुनं यंत्र दुरुस्त होतंय का ते बघायचं ठरवलं. शिलाई मशिनं आणि व्हॅक्यूम दुरुस्त करणारं एक छोटं दुकान जवळच होतं. मालक म्हातारा होता. त्यानं यंत्र उलटं केलं, खालचा फिरता ब्रश काढला. त्याला केस आणि दोरे असे गच्च गुंडाळले होते की ब्रशचे केस दिसतच नव्हते. आतला रबरी पट्टा सैल पडला होता, फिल्टर राखाडी झाला होता. पण खरं दुखणं वेगळं होतं. यंत्राचा सांगाडाच तडकला होता आणि आत ओढलेली धूळ त्या फटीतून परत खोलीत येत होती.

“नवंच घ्या,” म्हातारा म्हणाला. “कार्पेट कसलं आहे तुमच्याकडे?”

धाकट्याला सांगता येईना. चार वर्षं तो त्याच कार्पेटवर चालत होता.

“मग आज मी तुम्हाला काही विकत नाही,” म्हातारा म्हणाला. “घरी जा, गुडघ्यावर बसा आणि बोटांनी धागे बाजूला करून बघा. घरात कुणाला दमा-बिमा आहे का, जिने किती चढायचे, तेही सांगा. यंत्र घरात निवडायचं असतं. दुकानात येऊन ते फक्त विकत घ्यायचं.”

आणि जाता जाता त्यानं एक गोष्ट सांगितली. ओहायोतल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर नावाचा माणूस एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. वय साठीला आलेलं, त्यात दमा. कार्पेटं झाडली की त्याचा श्वास कोंडायचा. 1907 साली त्यानं पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून स्वतःपुरतं एक यंत्र केलं. धूळ ओढायला पंखा, ती सुटी करायला फिरता ब्रश आणि अडवायला अभ्रा. 1908 साली त्याला पेटंट मिळालं. पुढे त्याच्या नात्यातल्याच विल्यम हूव्हर यांनी ते विकत घेतलं आणि त्यावर सगळ्या जगाला ठाऊक असलेला धंदा उभा राहिला. स्पँगलरच्या आधी, 1901 साली, लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनीही धूळ ओढणारं यंत्र केलं होतं. पण ते घोडागाडीवरून आणावं लागे. ते रस्त्यावर उभं राही आणि नळ्या खिडक्यांतून घरात जात. स्पँगलरचं यंत्र एकट्या माणसाला ढकलता येत होतं. त्याला आपलं कार्पेट माहीत होतं आणि आपली छाती माहीत होती, त्यातून ते घडलं.

धाकटा घरी जाऊन खरोखरच गुडघ्यावर बसला. दिवाणखान्यातलं कार्पेट दाट, उभ्या कापलेल्या धाग्यांचं. धागे फाकवले तर तळाशी बारीक वाळू. वरून काही दिसत नव्हतं. ही वाळू नुसत्या ओढीनं सहज वर येत नाही. फिरत्या ब्रशनं धागे हलवून ती सुटी करावी लागते. ती तशीच राहिली तर प्रत्येक पावलाखाली धाग्यांना घासत राहते आणि कार्पेट अकाली झिजतं. झोपायच्या खोलीत मात्र कार्पेट निराळं, दोऱ्याच्या फासांचं. तिथं तोच ब्रश जोरात फिरला तर फास अडकून दोरा उसवतो. म्हणजे ब्रश हवाच आणि तो बंद करायची सोयही हवी.

दुकानात जाऊन हे सगळं सांगितल्यावर आईच्या दम्यासाठी म्हाताऱ्यानं पिशवीचं यंत्र सुचवलं. पिशवी भरली की तोंड बंद करून तशीच टाकायची, धूळ उडत नाही. फिल्टर हेपा, म्हणजे 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवणारा. आणि सांगाडा सगळीकडून घट्ट बंद, कारण हवा फटीतूनच बाहेर पडणार असेल तर फिल्टर कितीही चांगला असून काय उपयोग? शिवाय ब्रशची उंची कमी-जास्त करता येणारं आणि तिसऱ्या मजल्यावर उचलून नेता येईल इतकं हलकं. यंत्र दिसायला साधं होतं. किंमत थोरल्याच्या यंत्राहून कमी पडली.

आई आधी थोरल्याकडे राहिली. ते दांडगं यंत्र जाड कार्पेटला असं चिकटून बसायचं की सुनेचे खांदे भरून यायचे. झोपायच्या खोलीत त्यानं फास ओढून दाराजवळ वीतभर दोरा उसवला. धुळीचं पारदर्शक भांडं स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामं करताना ढग उठायचा आणि आईला खोकल्याची उबळ यायची. थोरला म्हणायचा, “आई, इथली हवाच कोरडी आहे गं.”

धाकट्याकडे गेल्यावर हवा तीच होती, पण रात्रीचा खोकला बराच कमी झाला. एका रविवारी थोरला तिथं जेवायला आला, तेव्हा त्यानं विचारलं, “तुझं किती अँपिअरचं आहे रे?”

“बघितलंच नाही मी, दादा. अँपिअर म्हणजे यंत्र वीज किती घेतं ते. धूळ किती ओढतं हे त्यावरून कळत नाही. युरोपात तर 2017 पासून 900 वॉटच्या वर व्हॅक्यूमच विकायला काढता येत नाहीत. तिथल्या लोकांची कार्पेटं साफ होतातच की.”

“मग तू बघितलंस काय?”

“कार्पेट. आणि आईचा श्वास.”

थोरल्यानं वाद घातला नाही. थोरल्या माणसाला हे सोपं नसतं, म्हणून मला त्याचं मोठेपण इथंच दिसतं. घरी जाऊन त्यानंही धागे फाकवून बघितले. त्याचं यंत्रही टाकाऊ नव्हतं. ओळखीच्या एका कुटुंबानं नवं घर घेतलं होतं, सगळीकडे लाकडी जमीन. त्यांच्याकडे ते छान चाललं. स्वतःसाठी थोरल्यानं त्याच म्हाताऱ्याकडून पिशवीचं यंत्र आणलं, आणि दर महिन्याला ब्रशवरचे केस कात्रीनं कापून काढायचं कामही स्वतःकडे घेतलं.

आई परत निघाली तेव्हा दोघे म्हणाले, “तुलाही असंच एक पाठवतो.”

“मला कशाला रे?” आई म्हणाली. “आपल्या घरात शहाबादी फरशी आहे. केरसुणीनं धूळ उडते, म्हणून मी ओल्या फडक्यानंच पुसून घेते. तिथं तेवढं पुरतं. त्यापेक्षा तुमच्या यंत्राच्या पिशव्या संपत आल्यात, त्या मागवून ठेवा.”