अधिकार आणि विश्वास

अधिकार न देणें म्हणजे अविश्वास दाखविणें होय, अशी समजूत आपल्या समाजांत फार रूढ आहे. एकत्र कुटुंबांत किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला असावा यावरून जे तंटे होत, त्यांच्या मुळाशीं हीच समजूत असे. आज तिचा प्रत्यय अनेकांनीं मिळून वापरावयाच्या संगणकाच्या, म्हणजे सर्व्हरच्या, संबंधांत येतो. एखादी फाइल उघडावयास जावें आणि ‘परवानगी नाहीं’ असें रुक्ष उत्तर मिळावें, कीं भला मनुष्यहि स्वतःचा अपमान झाला असें मानतो.

या नकाराचें स्वरूप प्रथम पाहूं. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची प्रभृतींनीं ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्या परंपरेंत प्रत्येक फाइलीपुरते जगाचे तीन भाग कल्पिले आहेत: मालक, गट आणि इतर सर्व. प्रत्येकास वाचण्याचा, लिहिण्याचा व चालविण्याचा अधिकार देतां येतो. या अधिकारांचे अंक अनुक्रमें ४, २ व १ असे आहेत. फाइलीवर ६४० हा आंकडा असला तर मालकानें वाचावें व लिहावें, गटानें केवळ वाचावें, इतरांनीं दुरूनच नमस्कार करावा. ७७७ असला तर सर्वांस सर्व कांहीं खुलें.

तक्रार आली कीं घाईचा व्यवस्थापक ७७७ करून मोकळा होतो. तक्रार मिटते, कारण तसेंच राहतें. पुष्कळदां फाइलीचा अधिकार असूनहि ती ज्या फोल्डरांत आहे त्यांत शिरण्याचा अधिकार नसतो. किंवा गटांत नांव नुकतेंच घातलेलें असतें, पण मनुष्य पुन्हां लॉग-इन झालेला नसतो. एवढें शोधण्याचा आळस, हेंच त्या औदार्याचें खरें नांव. शिवाय फोल्डरांत लिहिण्याचा अधिकार ज्यास आहे, तो आंतली दुसऱ्याची फाइलहि सामान्यतः पुसून टाकूं शकतो. परीक्षेचे गुण अशा ठिकाणीं ठेवले आणि एके सकाळीं ते बदललेले आढळले, तर संशय सर्वांवर येतो. ज्याला तेथें लिहितांच येत नव्हतें, तो मात्र सुखानें झोंपतो. मर्यादा ही, ज्याला अधिकार नाकारला, त्याचेंहि रक्षण करते.

कामास लागेल तेवढाच अधिकार असावा, हें तत्त्व जेरोम सॉल्त्झर व मायकेल श्रोडर यांनीं १९७५ सालच्या आपल्या निबंधांत मांडलें आहे. आमच्या मतें त्याला दुसरीहि बाजू आहे: लागेल तेवढा तरी दिलाच पाहिजे. काम सोंपवून त्यापुरता अधिकार न देणें हा अन्याय होय. मग लोक एकमेकांचे पासवर्ड मागून कामें उरकतात, आणि कोणी काय केलें याची नोंदच खोटी ठरते. अतिकडक नियम अशा रीतीनें स्वैराचारासच जन्म देतो.

राहतां राहिला ‘रूट’ नांवाचा वापरकर्ता. त्यास हे निर्बंध बहुधा लागू होत नाहींत. कुंपणानेंच शेत खाल्लें तर काय करावें? याचें पूर्ण उत्तर यंत्रांत सांपडेल असें आम्हांस वाटत नाहीं. जाणता व्यवस्थापक रोजचें काम साध्या नांवानें करतो आणि सर्वाधिकार गरजेपुरताच हातीं घेतो. ज्याला दुसरा कोणी अडवूं शकत नाहीं, त्यानें स्वतःस अडवावें, एवढेंच शेवटीं म्हणतां येतें. आणि तें शिकविण्याचें काम घराचें व शाळेचें आहे.