माईची बाजू, शेवंताची बाजू

आमच्या मालवणात दोन पक्ष नाहीत अशी गोष्ट शोधूनही सापडायची नाही. सोलकढीत लसूण घालावी की घालू नये, बांगडा तिखल्यातला बरा की भाजलेला बरा, यंदा जत्रेला कुठली दशावतारी कंपनी बोलवावी, प्रत्येक बाबतीत दोन तट पडलेले असतात. आणि दोन्ही तट एकमेकांच्या घरी जेवायला बसून भांडत असतात. तिसरा कोणी दिसलाच, तर तो निव्वळ गजालीला आलेला समजावा.

गजाल हा शब्द घाटावरच्या वाचकांना थोडा फोडून सांगायला हवा. गजाल म्हणजे गप्पा, हे खरं. पण गप्पांना विषय लागतो, गजालीला माणूस लागतो. आणि तो माणूस तिथे हजर नसावा लागतो. आता हजर नसलेल्या माणसाचीही एक पंचाईत असते. त्याच्या कानावर जातं, मग तो चार महिने बोलत नाही, गणपतीला आरतीला येत नाही. तेव्हा गजालीला सर्वांत सोयीचा माणूस कोणता? तर जो कधीच हजर होणार नाही आणि ज्याला कधीच राग येणार नाही असा. असा माणूस आम्हांला २०१६ साली मिळाला. एक नव्हे, अख्खं नाईक कुटुंब मिळालं.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका त्या वर्षी झी मराठीवर सुरू झाली. चित्रण झालं आमच्याच सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावात, एका जुन्या घरात. भाषाही मालवणी मिसळलेली. आता मालवणी रंगभूमीवर नवी नव्हती. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' घेऊन मच्छिंद्र कांबळी १९८० सालापासून पार लंडनला जाऊन आले. पण रोज रात्री आपली बोली घरातल्या पेटीतून ऐकू येणं हे नवीन होतं. त्यामुळे पहिला आठवडा आम्ही मालिका पाहिलीच नाही, फक्त तपासली. "ह्यो हेल आमचो न्हय, ह्यो कुडाळकडलो," असे शेरे मारण्यातच तो गेला. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशा तक्रारीही झाल्या. त्या करणारे लोक साडेदहाच्या ठोक्याला घरी परतत, कारण मालिका साडेदहाला लागायची. तक्रार करायची तर नीट पाहून करावी, हे आमच्या जिल्ह्याचं वैशिष्ट्य आहे. पुढे तर बाहेरगावच्या मोटारी आकेरीत थांबून 'अण्णांचं घर कुठलं?' असं विचारू लागल्या. किल्ला पाहायला आलेला पाहुणासुद्धा सिंधुदुर्ग अर्ध्या तासात उरकून आकेरीची वाट विचारायचा. शिवाजी महाराजांनी समुद्रात उभा केलेला दुर्ग एकीकडे आणि अण्णा नाईकांची पडवी एकीकडे!

पण खरे दोन पक्ष पडले ते २०१९ साली, दुसरा भाग आला तेव्हा. पहिल्या भागात सुरुवातीलाच मेलेले अण्णा दुसऱ्या भागात चांगले जिवंत झाले, कारण गोष्ट मागच्या काळात नेली होती. माधव अभ्यंकरांचा अण्णा, शकुंतला नरे यांची माई आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. अण्णा विवाहित, शेवंताही विवाहित, आणि माईने सोसायचं. झालं! आमची वाडी उभी चिरली गेली. शेजारच्या काकी माईच्या पक्षाच्या पुढारी, तर मेढ्यातली आत्या शेवंताची वकील.

"त्या शेवंतान माईचो संसार मोडल्यान. तेका कसली गे दया?" काकी विचारायच्या.

"आणि तेच्या घोवान तेका कधी सुख दिल्यान?" आत्या म्हणायची. "बायल माणूस ता. जातला खय?"

हे संभाषण मासळीवाली टोपली उतरवून ऐकायची आणि सुरमईच्या भावात निकाल द्यायची. माईच्या पक्षाला सुरमई महाग पडे, कारण मासळीवाली शेवंताकडची होती.

शहाण्या लोकांना यात गंमत वाटते. 'या भाबड्या बायकांना ते खोटं आहे हेच कळत नाही,' असं ते म्हणतात. मला हे पटत नाही. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' लागलं तेव्हा लोक टीव्हीला हार घालत, हे खरं. निळू फुले यांनी सिनेमात इतका नीचपणा केला की गावोगावच्या बायका त्यांना खरोखर शिव्याशाप देत, हेही खरं. पण आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला खरं-खोटं कळत नाही, हे सांगू नका. आम्ही दशावतारावर वाढलेली माणसं. रात्रभर जो राजा देवळापुढे तलवार फिरवतो तोच पहाटे डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या जत्रेची वाट धरतो. 'राती राजा, सकाळी डोक्यार बोजा' ही म्हण आमचीच. मिशा काढून साडी नेसलेला गावातला बापया पार्वती म्हणून उभा राहिला की आमच्या आज्या हात जोडत, आणि तोच पहाटे चहा प्यायला आला की त्याला बिडीबद्दल दम देत. दोन्ही खरं, दोन्ही एकाच वेळी. गंमत अशी की पुरुषाची पार्वती चालवून घेणाऱ्या याच लोकांना पुढे २०२१ मध्ये तिसऱ्या भागात शेवंताचं काम करणारी नटी बदलली, कृतिका तुळसकर आल्या, ते मात्र सहजासहजी पचलं नाही. "ही आमची शेवंता न्हय," आत्या म्हणाली. जणू आधीची शेवंता नात्यातली होती.

आणि हे फक्त आमचंच वेड आहे असंही नाही. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची मालिका होती. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखवली. तीत एंटरप्राइज नावाचं अवकाशयान आणि त्यावर लांब कानांचा, कधी न हसणारा मिस्टर स्पॉक. १९६८ च्या सुमारास ती बंद पडणार असं कळल्यावर प्रेक्षकांनी कंपनीकडे पत्रांचा असा पाऊस पाडला की मालिकेला आणखी एक वर्ष मिळालं. स्पॉक आणि त्याचा कॅप्टन कर्क यांच्या मैत्रीवर लोक वर्षानुवर्षं भांडले. १९७६ मध्ये तर अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हेच नाव द्या म्हणून राष्ट्राध्यक्षांना पत्रं गेली, आणि ते नाव दिलंही. आता दैवाचा खेळ पाहा: ते खरं यान चाचण्यांपुरतं हवेत तरंगलं, अंतराळात कधी गेलंच नाही. खोटं यान मात्र दर आठवड्याला जात होतं. तेव्हा आमच्या आत्येला कोणी हसू नये.

प्रश्न वेगळाच आहे, आणि तो थोरामोठ्यांनाही पडलेला आहे. कॉलिन रॅडफर्ड नावाच्या एका इंग्रज तत्त्वज्ञाने १९७५ साली एक निबंध लिहिला. विषय असा, की टॉलस्टॉयची ॲना कॅरेनिना ही बाई कधी जन्मलीच नाही हे पक्कं ठाऊक असताना तिच्या दुःखाने आपण का कळवळतो? त्याचा निष्कर्ष असा की यात मुळातच विसंगती आहे. माणूस तसा वागतो खरा, पण ते तर्काला धरून नाही. म्हणजे इंग्रजांना त्यांच्या ॲनाने छळलं आणि आम्हांला आमच्या अण्णाने. आपल्याकडे काश्मीरच्या पंडितांनी हजारएक वर्षांपूर्वीच याचा काथ्याकूट करून ठेवला आहे. त्यांतला एक भट्टनायक. (आकेरीच्या नाईकांशी संबंध नसावा.) तो म्हणाला, रंगभूमीवरचं दुःख ना नटाचं असतं ना तुमचं, ते सर्वांचं होतं, साधारण होतं, म्हणून तर ते दुःख असूनही चाखता येतं. याला साधारणीकरण म्हणतात. शब्द अवघड आहे, पण आमच्या वाडीत रात्री साडेदहाला ते रोज घडत होतं.

इथवर ठीक. खोट्या माणसासाठी रडणं मूर्खपणा आहे असं मला वाटत नाही. माझी अडचण पुढची आहे, आणि ती आमच्या वाडीतल्या शेवटच्या घरापाशी सुरू होते.

त्या घरात एक बाई राहतात. वीसेक वर्षांपूर्वी इथे आल्या. नवरा कुठे आहे, आहे की नाही, हे कोणाला ठाऊक नाही. परगावचे एक संसारी गृहस्थ त्यांच्याकडे येतात, एवढंच ठाऊक आहे. आणि आमच्या वाडीला तेवढं पुरलं. वीस वर्षांत त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही. नुसतं दार दिसलं की मान दुसरीकडे. ज्या आत्येने शेवंतासाठी सुरमईचा भाव पाडून घेतला, ती आत्यासुद्धा त्या अंगणाकडे न बघता पुढे जायची.

२०१९ च्या पावसात आमच्याकडचा ट्रान्स्फॉर्मर जळाला. लाईट तीन दिवस नाही. पहिल्या रात्री बायकांनी धीर धरला. दुसऱ्या रात्री शेवंताच्या जिवाचं काहीतरी होणार अशी बातमी कोणाच्या तरी मोबाईलवरून आली. अख्ख्या वाडीत इन्व्हर्टर एकाच घरी होता, त्या शेवटच्या घरी. सव्वादहाला काकी, आत्या आणि आणखी पाच जणी छत्र्या घेऊन त्या अंगणात उभ्या राहिल्या. दोन्ही पक्ष! बाईंनी दार उघडलं, काही विचारलं नाही, चटई घातली. मालिका झाली. मग त्यांनी चहा ठेवला. सात जणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चहा घेतला. हे मला आमच्या घरातल्या मंडळींनी सांगितलं, कारण त्या सातांतली एक त्याच होत्या. "घर कसा लख्ख ठेवल्यान," एवढंच त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकटा ता. रात्री भयान वाटत असतला."

आता पाहा. शेवंताला रात्री भय वाटतं हे सर्वांना ठाऊक होतं, कारण कॅमेरा तिच्या खोलीत होता. ती एकटी असताना रडते हे आम्ही पाहिलं होतं. शेवटच्या घरातल्या बाईही एकट्या असताना काहीतरी करत असतील, पण आम्हांला त्यांचं फक्त दार दिसत होतं. मालिकेत आपण माणसाच्या घरात बसलेले असतो, वाडीत त्याच्या दाराबाहेर उभे असतो. आणि बाहेरून सगळीच माणसं वाईट चालीची दिसतात. आपण शेवंताला क्षमा केली यात आपला मोठेपणा फारसा नाही. जागा चांगली मिळाली होती, इतकंच.

यावर काकींचं एक म्हणणं आहे, आणि ते टाकाऊ नाही. "शेवंताची दया करशाल, मग माईचा काय?" खरंच, त्या परगावच्या गृहस्थांच्या घरीही कोणी माई असेल. तिच्या घरचा इन्व्हर्टर आपण पाहिलेला नाही. एकीला चटईवर बसून चहा दिल्याने दुसरीचं दुःख खोटं होत नाही. मालिका पाहताना सोय अशी असते की अर्धा तास माईबरोबर रडता येतं आणि उरलेला शेवंताबरोबर. आयुष्यात मात्र माणसं एकीकडेच रडतात आणि दुसरीकडे दगड मारतात.

पण या सगळ्या खटल्यात मला एक गोष्ट राहून राहून दिसते. माई चूक की शेवंता चूक, यावर आमच्या वाडीने दोन वर्षं रात्री जागवल्या. अण्णांबद्दल कोणी भांडलं? ज्याने माणसं मारली, जमिनी लाटल्या, दोन बायकांच्या आयुष्याची माती केली, तो अण्णा सगळ्यांचा लाडका झाला! त्याच्या नजरेवर, त्याच्या रुबाबावर विनोद झाले, मोबाईलवरून त्याची चित्रं गावोगाव फिरली. कामाचं कौतुक करावं, अभ्यंकरांनी ते केलंच तसं. पण कौतुक कामाचं होतं की अण्णांचं, हे शेवटी शेवटी कळेनासं झालं. दोन बायका आमच्या कोर्टात पिंजऱ्यात उभ्या आणि ज्याच्यावरून खटला, तो आमच्याच शेजारी खुर्चीत बसून पान खातो आहे.

शेवटच्या घरी येणाऱ्या गृहस्थांचंही वेगळं काही नाही. ते आले की नाक्यावर त्यांना चहा मिळतो. पारावर त्यांच्यासाठी जागा होते. त्यांच्याकडे बघून कोणी कधी मान फिरवली नाही. "माणूस मोठो," असं लोक म्हणतात. बाईंबद्दल आमच्या वाडीत मतं दोन असतील, गृहस्थांबद्दल मत एकच आहे. मालवणात दोन पक्ष नसलेली गोष्ट सापडत नाही असं मी वर म्हटलं; ही एक सापडली.

पुढच्या माघात आत्येने त्या बाईंना हळदीकुंकवाला बोलावलं. काकी त्या दिवशी आल्या नाहीत. त्यांना सर्दी झाली होती, असं त्या सांगतात. बाई आल्या, पाच मिनिटं बसल्या, वाण घेऊन गेल्या. फार काही झालं नाही आणि व्हायचंही नव्हतं. आता मालिका संपून बरीच वर्षं झाली. आकेरीचं नाव निघालं की अजूनही गजाल रंगते, माईचा पक्ष आणि शेवंताचा पक्ष दोन्ही जागे होतात. माझं त्यांना एवढंच सांगणं असतं, की भांडा खुशाल, पण आरोपींच्या यादीत एक नाव वर घाला आणि मग पुढचं बोला. अजून कोणी घातलेलं नाही. पण परवा मासळीवाली जरा थांबली, टोपली उचलता उचलता म्हणाली, "खरा काय ता सांगू? मूळ वायट तो अण्णाच!"

त्या दिवशी सुरमई सगळ्यांना एकाच भावात मिळाली.