चिठ्ठीवरचे कर्ज

2006 च्या सुमारास हैदराबादेतील 104 गरीब वस्त्यांपैकी 52 वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तेथे ‘स्पंदना’ ह्या संस्थेने लहान कर्जे सुरू केली, बाकीच्या थांबल्या. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो इत्यादि संशोधकांस कर्जाचा परिणाम मोजावयाचा होता. गरजवंताला असे ताटकळत ठेवणे न्यायाचे आहे काय?

2015 साली निष्कर्ष छापून आले. चालू धंदे थोडे वाढले. पण एकूण घरखर्च, मुलांचे शिक्षण, बायकांचा घरातील शब्द ह्यांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. थांबलेल्यांचे फारसे बुडाले नाही, पण हे मोजल्यावाचून कळले असते काय? त्याच आंध्रात भराभर कर्जे वाटली गेली, वसुलीचा तगादा असह्य झाला, आणि 2010 साली सरकारला वटहुकूम काढावा लागला. ते वाटणे दयेचे, आणि मोजणे तेवढे निर्दय, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र चिठ्ठी टाकण्याआधी वस्तीतल्या बायांना विश्वासात घ्यावे, एवढा आग्रह आम्ही धरू.