चष्मेवाल्यांची बेटे

शेवगा फुलला की सकाळच्या उन्हात त्याच्यावर चष्मेवाल्यांचा थवा उतरतो. चिमणीहून लहान, पिवळसर हिरवा पक्षी. डोळ्याभोवती पांढरे कडे. फांदीला उलटे लोंबकळून मावा टिपायचा, बारीक आवाजात एकमेकांना सारखी हाक द्यायची आणि बघता बघता शेजारच्या झाडावर पसार व्हायचे, हा यांचा शिरस्ता.

या कुळाच्या शंभरावर जाती आफ्रिकेपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत पसरल्या आहेत. अंगात जेमतेम दहा-बारा ग्रॅम वजन, पण हिंमत बघा. 1856 च्या सुमारास यांचे थवे ऑस्ट्रेलियाकडून टास्मान समुद्र ओलांडून न्यूझीलंडला पोचले. दीड हजार किलोमीटरहून जास्त पाणी. कुणी पिंजऱ्यात घालून नेले नव्हते, आपले आपण गेले. आज तिथल्या बागांत ते सर्रास दिसतात.

आणि याच कुळाचा दुसरा नमुना! सॉलोमन बेटांमधले गिझो हे जेमतेम अकरा किलोमीटर लांबीचे बेट. तिथला चष्मेवाला जगात दुसरीकडे कुठेही नाही. जवळच्याच व्हेला लव्हेला बेटावर वेगळी जात नांदते. रियुनियन बेट तर गोव्याहून लहान. तिथे एकाच जातीचे चार रंगांचे गट आहेत आणि त्यांच्या हद्दी नद्यांनी, लाव्हाच्या पट्ट्यांनी आखलेल्या आहेत. समुद्र लंघून आलेल्यांच्या वंशजांना नदी आडवी येते.

याचा एक उलगडा असा सांगतात: बेटावर पोटापाण्याची सोय लागली की बाहेर उडणे तोट्याचे. जे समुद्रावर गेले, त्यांची पिल्ले बेटावर वाढली नाहीत; जे थांबले, त्यांचीच वाढली. मला हे पटते. गिरणीत कामाला म्हणून कोकणातून मुंबईला आलेल्यांची नातवंडे आता ठाण्यापलीकडे जायलाही कुरकुरतात, त्यातलाच हा प्रकार.

फक्त, अशा घरबशांना संकटात पळायला जागा नसते. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर एक धिप्पाड चष्मेवाला होता. 1918 मध्ये ‘मकांबो’ हे जहाज तिथल्या किनाऱ्याला लागून रुतले आणि त्यातले उंदीर बेटावर उतरले. काही वर्षांतच तो पक्षी नाहीसा झाला. 2019 मध्ये तिथले उंदीर संपवायची मोठी मोहीम झाली; पण परत आणायला तो पक्षी दुसऱ्या कुठल्या बेटावर नव्हताच.