शस्त्राचे धनीपण

येथील कँप-1 मधील आमच्या एका स्नेह्यांकडे, वडिलांच्या निधनानंतर, विदर्भातील घरची दुनळी बंदूक येऊ घातली आहे. ती ठेवावी की न ठेवावी, असे त्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न दिसावयास कायद्याचा. वस्तुतः तो नीतीचा आहे.

कायद्याचे उत्तर सोपे. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार वारसालाही स्वतःचा परवाना लागतो. तोवर बंदूक जमा करावी लागते. 2016 च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणास महत्त्व दिले. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनांवरून पाच वर्षांवर नेली. आम्ही कारकून, कागद पुरा झाला की काम पुरे झाले, असे मानण्याची आम्हांस सवय. परंतु चौकशीचा कागद माणसाच्या त्या दिवसापुरती साक्ष देतो. पुढे येणारा रागाचा वा निराशेचा दिवस त्यात नोंदलेला नसतो. परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते. मनाचे मात्र रोज व्हावयास हवे.

कोणी म्हणतील, शस्त्र निर्जीव, दोष हाताचा. खरे आहे, तथापि उगारलेली काठी आवरता येते, सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही. म्हणूनच बंदूक नेहमी भरलेलीच समजावी, नळी माणसाकडे कधी रोखू नये, नेम ठरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये, काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत. हे नियम वरवर हाताचे. खरे पाहता ते संयमाचे आहेत. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्या विद्येत चाप ओढण्यापेक्षा श्वास आवरणे अधिक कठीण असते.

खंडेनवमीस आपण शस्त्र पुजतो. त्या पूजेत सामर्थ्याच्या आदराबरोबर थोडे भयही असावे.

स्नेह्यांना आम्ही एवढेच विचारले : गावी पिकांच्या राखणीसाठी असलेली ही बंदूक येथे, दोन खोल्यांत, लहान मुलांच्या घरात, कशासाठी? ‘वडिलांची आठवण’ हे त्यांचे उत्तर. आठवणीस काडतूस लागत नाही, असे आम्ही म्हणालो. ते बराच वेळ गप्प राहिले; आणि ते गप्प राहणे हीच आम्हांस जबाबदारीची पहिली खूण वाटली.