काळजी करणं, काळजी घेणं

ऑर्किडची मुळं जास्त पाण्याने सडतात असं सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथल्या झाडांवर सीतेची वेणी मजेत वाढते. (गावात कुणी तिला बांडगूळ म्हणून नावं ठेवतात, ते चूक. बांडगूळ झाडाचा रस पितं, ही फक्त फांदीला धरून राहते.) महिनोन्‌महिने तिच्या मुळांवरून पाणी वाहतं, पण ती सडत नाहीत. सालीवरून पाणी निथळून जातं आणि वारा मोकळा लागतो. म्हणजे ऑर्किडचं मूळ बुडण्यापेक्षा गुदमरण्याने मरतं. बुरशी बहुतेक वेळा त्यानंतर येते.

प्राधिकरणात आमच्या शेजारी एक काका आहेत. चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलाने त्यांना फॅलेनॉप्सिस आणून दिलं, बाजारात जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं मिळतं ते. फुलं गळल्यावर काकांनी त्याला मोठी, छान चिनीमातीची कुंडी आणली, शेणखत घातलेली लाल माती भरली आणि झाड त्यात लावलं. तीन आठवड्यांत पानं लोंबली. लोंबली म्हणून काकांनी पाणी वाढवलं. पानं आणखी लोंबली.

इथे एक गंमत आहे, क्रूर म्हणावी अशी. तहानलेल्या ऑर्किडची आणि पाण्यात गुदमरलेल्या ऑर्किडची पानं सारखीच दिसतात. मूळ सडलं की भोवती पाणी असूनही झाडाला ते ओढून घेता येत नाही. वरून बघणाऱ्याला तहान दिसते आणि तो पाणी घालतो. चाकणच्या कारखान्यांत बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारून 'रूट कॉज' शोधायची पद्धत आहे. काकांनी आयुष्यभर ते तक्ते भरले होते. झाडापुढे मात्र ते पहिल्याच 'का'वर थांबले. का थांबले, हा मला कुंडीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

मराठीत काळजी करता येते आणि काळजी घेता येते. शब्द एकच, पण करायची ती काळजी आपल्या आत असते आणि घ्यायची ती समोरच्याची. पाणी घातल्याने आतली काळजी लगेच हलकी होते, काहीतरी केल्यासारखं वाटतं. झारी उचलणाऱ्या हाताला बरं वाटलं, एवढंच त्या क्षणी नक्की असतं. निगा हा तिसरा शब्द मला जास्त उपयोगी वाटतो. तो फारसी 'निगाह'वरून आला, म्हणजे मुळात नजर. ऑर्किडच्या मुळाला स्पंजासारखं मेलेल्या पेशींचं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं आणि ओलं झालं की आतला हिरवा रंग वर येतो. पाणी हवं की नको हे मूळ स्वतः सांगतं, पण ते दिसायला हवं. म्हणून जाणकार पारदर्शक कुंडी वापरतात. चिनीमातीच्या कुंडीने नेमकं तेवढंच झाकलं होतं.

मात्र सगळा दोष कुंडी बदलण्यावर टाकणंही अन्यायाचं आहे. विकत आणलेल्या रोपाच्या मुळांच्या मधोमध पुष्कळदा शेवाळाचा घट्ट गोळा असतो आणि सड तिथेच आधीपासून सुरू झालेली असू शकते. कुंडी बदलताना ती पहिल्यांदा डोळ्यांना दिसते आणि आपण म्हणतो, बदलली म्हणून सडलं.

काकांना औषध हवं होतं. ते मागण्याचा पिंपरीकराला हक्कच आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, इथेच, हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध सापडलं. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाला स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना असं नाव मिळालं. पिकांवरच्या बुरशीसाठीचं ऑरिओफंजिनही तिथलंच. औषधांबद्दल मला आदर आहे. पण ओल्या मातीत कोंडलेल्या मुळाला ते देऊन आपण शत्रूला मारतो आणि कोंडी तशीच ठेवतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये मुळं आणि कुंडी म्हटलं की लातूर-बुलढाण्याहून आलेल्या पोरांचं रूपक कुणीतरी करतंच. मला ते पटत नाही. पोरगं खोली बदलतं, नोकरी सोडतं, भांडतं. कुंडीतलं झाड 'नको' म्हणू शकत नाही. त्याच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे अंथरुणाला खिळलेली आई. तिला भूक नसते आणि घरातले 'दोन घास तरी खा' म्हणत चमचा तोंडाशी नेतात. न खाल्लेलं ताट बघवत नाही ते आपल्याला. मुळं गेलेल्या ऑर्किडला खत घालणं याच जातीचं आहे.

जिला 'नको' म्हणता येत नाही अशा जिवाचं भलं ठरवायचं कसं? प्रेम किती आहे यावर ते ठरत नाही, कारण काकांचं प्रेम खोटं नव्हतं. मला वाटतं, आपण जे करतोय त्यातून आराम कुणाला मिळतोय, हे विचारावं. उत्तर दर वेळी सुखद नसतं, आणि कधी कधी आराम दोघांनाही मिळतो, मग प्रश्नच उरत नाही.

करायचं ते फार नाही. झाड उपटायचं, माती धुवायची. दाबल्यावर पोकळ, पिचपिचीत लागतील ती मुळं ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापायची, टणक आहेत ती ठेवायची. जखमा एखादा दिवस सुकू द्यायच्या. मग मुळांना जेमतेम पुरेल एवढी लहान, भोकांची कुंडी, त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. खत नाही. पाणी थोडं, तेही मधला भाग सुकत आल्यावर. काकांनी हे सगळं केलं. हाताशी चार मुळं उरली, बोटभर लांबीची.

नवं मूळ यायला दोन-तीन महिने सहज लागतात. तोवर जाड पानं साठवलेल्या पाण्यावर तग धरतात, आणि त्यांच्याकडे बघून झाड जगतंय की नाही हे सांगता येत नाही. झारी काकूंनी माळ्यावर ठेवली आहे.