धुंदी आणि अवधूत

दत्तभक्तहो, जयंतीच्या सप्ताहात प्रवचन आटोपलं की एखादा तरुण हमखास विचारतो, "महाराज, साधू चिलीम ओढतात. मग आम्ही गांजा ओढला तर काय बिघडलं?"

याचं उत्तर मी भागवताच्या एकादश स्कंधातून देतो. यदुराजाने अवधूताला विचारलं, तू इतका निश्चिंत कसा? अवधूताने चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र, अजगर. त्यांत चिलीम कुठे आहे? उलट पतंग आहे, ज्योतीला भुलून जळणारा. मासा आहे, जिभेपायी गळाला लागणारा. अवधूताचा आनंद बाहेरून चढवलेला नाही, म्हणून तो उतरत नाही. धुंदी मात्र उतरते, अन् पुन्हा चढवायची तर हळूहळू जास्तच ओढावं लागतं.

गांज्यात टीएचसी नावाचं द्रव्य असतं. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. कोवळ्या वयात रोज ओढलं की लक्ष, स्मरण, उमेद ढासळते. काहींना कानात आवाज येतात, घरचीच माणसं वैरी वाटतात. घराण्यात मानसिक आजार असेल तर धोका अधिक. सगळ्यांचं असं होत नाही, खरं; पण कुणाचं होईल ते आधी कळत नाही.

आता आईबापांशी बोलतो. पोरगा असा वागू लागला की आपण म्हणतो, बाहेरची बाधा झाली, आणि गाणगापूर गाठतो. अवश्य जा. संगमावर स्नान करा, पादुकांचं दर्शन घ्या. पण डॉक्टरांची गोळी बंद करू नका. गोळी घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही, आणि उपचार जितका लवकर तितका गुण चांगला. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. गांजा सोडताना काही दिवस झोप उडते, चिडचिड होते. ते दिवस सरतात. तेवढे दिवस त्याला सांभाळा.

चारचौघांत त्याची लाज काढू नका. अनसूया म्हणजे दुसऱ्यात दोष न शोधणारी. त्या माउलीने दारी आलेल्या तीन देवांना बाळ केलं. तुमचं तर पोटचं बाळ आहे. त्याला जवळ घ्या, आणि दवाखान्यात घेऊन चला.

श्री गुरुदेव दत्त.